अंतर

आमच्या भिंतीवर आत्ता तेरा बेचाळीस.
खाली वडोदऱ्यात सव्वासात वाजत आलेत,
खंडेराव मार्केटात उरलेली मेथी निम्म्या भावात निघत असेल.
पण टॉवरमधलं हे घड्याळ साडेपाच तास मागेच राहतं,
कुठल्याच गावचं नसल्यासारखं.

मुंबईचं विमान धावपट्टीच्या तोंडाशी उभं.
त्याच्या मागे दिल्लीचं, दिवे मिचकावत.
माइकवर निसार मन्सुरी.
त्याच्या डाव्या हाताची खुर्ची माझी.
माझा आवाज एकाही विमानात ऐकू जात नाही,
मी फक्त अहमदाबादशी बोलते.

रिलीज मागते, मुंबई, धावपट्टी बावीस.
पलीकडे पट्टी सरकल्याची खरखर, मग तो :
वन फाइफ झीरोला थोपवा,
वन सिक्स झीरोपर्यंत माझं एक उतरतंय.
मी तेच परत म्हणते. तो ऐकून घेतो.
मग माझी दोन अक्षरं, त्याची दोन अक्षरं.
व्ही एस.
आर के.
खट्.

अकरा वर्षं झाली. आर केचा चेहरा मी पाहिलेला नाही.
सर्दी झालेली ओळखते.
मुलीची परीक्षा असली की आकडे जरा भरभर सांगतो,
हे मी आपलं ठरवलंय. मुलगी आहे की नाही, कुणास ठाऊक.
एकदा, पावसानं सगळं बंद होतं त्या रात्री,
त्यानं विचारलं, तिकडची सेव-उसळ अजून तेवढीच तिखट?
मी म्हणाले, हो.
लाइन रेकॉर्ड होते. पुढे कुणीच बोललं नाही.

तीनाला आम्ही ट्री म्हणायचं, असा नियम आहे,
कानाला चुकू नये म्हणून.
ट्री ट्री झीरो. ट्री फाइफ झीरो.
रोज इतकी झाडं लावतो वर
आणि सावली कुठेच नाही.

आई गेली तेव्हा मी नववीत होते.
मावशीचा हात धरून म्हणाली, हिला अंतर देऊ नकोस.
मावशीनं दिलं नाही.
दांडिया बाजारातल्या दोन खोल्यांत आम्ही आठ जणं झोपायचो,
एकाचे पाय दुसऱ्याच्या पोटात,
आणि रात्री पाण्याला उठायचं तर
पाच जणांना ओलांडून.

मग ही नोकरी.
पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्या साहेबांनी फळ्यावर लिहिलं :
पाच मैल, नाहीतर हजार फूट.
एवढं अंतर द्यायचंच.
वर्गात मी एकटीच हसले. साहेबांना वाटलं, आगाऊ आहे.
घरी येऊन मावशीला सांगितलं,
मला अंतर देण्याचा पगार मिळणार आहे.
तिनं पोळी उलटली, म्हणाली,
वरच्यांना दे हो. इथे जेवायला ये.

निसार बोट वर करतो. मुंबईचं सुटलं.
काच हलकीशी थरथरते, चहावर एक वर्तुळ उमटतं.
मी वेळ कळवते : तेरा चव्वेचाळीस.
आर के म्हणतो, तेरा चव्वेचाळीस.
आणि लाइन तोडत नाही.

व्ही एस, उद्यापासून या खुर्चीवर एच पी असेल.

मला काय काय म्हणायचं होतं.
मी म्हणाले, रॉजर.
तोही काहीतरी म्हणणार होता बहुतेक,
श्वास घेतल्याचं ऐकू आलं.
खट्.

पश्चिमेला, वासदच्या अंगाला, दोन दिवे दिसतात.
एक चढतोय, एक उतरतोय.
खालून बघणाऱ्याला वाटेल, आता भिडणार.
चढणारा वन फाइफ झीरोला सपाट होतो.
वरचा त्याच्या डोक्यावरून निघून जातो,
मध्ये हजार फूट अंधार,
दोघांनी मिळून धरलेला.

त्याची ड्यूटी अजून संपलेली नाही.
दिल्लीचं रांगेत पुढे आलंय.
निसार माझ्याकडे बघतो.
मी फोन उचलते.